भाकरीचं गाणं

माझा आवाज मुळातच मोठा. लग्न होऊन येडशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, पाठोपाठ पाच पोरं झाली, तसा तो आणखी वाढला. पोरं दिवसभर रुळांच्या पलीकडं, रामलिंगाच्या देवळाच्या वाटेला, नाहीतर माकडांच्या मागं. मी दारात उभी राहून एकेकाचं नाव घेऊन ओरडायची. नवरा पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा. रात्रपाळी करून आला की डोक्यावरून चादर ओढून झोपायचा. एकदा तो चादरीतूनच म्हणाला, "तुझी हाक पार भूम गावापर्यंत जाते, पोरांच्या कानापर्यंत तेवढी जात नाही." मला राग आला. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

त्या रागातच मी ओरडणं सोडलं आणि गायला लागले.

माझ्या आईनं दळताना एक गाणं बांधलं होतं. चाल ओवीची, शब्द तिचे स्वतःचे. "या गं या रे हात धुऊनी, ताट मांडिलं देवानं" अशी पहिली ओळ. आम्ही ख्रिस्ती; आई त्यात प्रभू येशूच्या मेजाविषयी सांगायची. पण जात्यातून पीठ ज्वारीचं पडायचं आणि आम्ही भावंडं भुकेलेली असायचो, त्यामुळं आमच्या लेखी ते भाकरीचंच गाणं होतं. मी तेच गाणं धरलं. स्वयंपाक झाला की दारात उभी राहून ते म्हणायची आणि पुन्हा हाक मारायची नाही. सुरुवातीला कुणी आलं नाही. एक-दोनदा गार भाकरी खावी लागली, तेव्हा कान उघडले. मग पहिली ओळ संपायच्या आत पोरं रांजणापाशी हात धुवायला हजर असायची, दुसऱ्या कडव्याला उंचीप्रमाणं ओळीनं बसलेली आणि शेवटच्या कडव्याला, ज्यात देवाचे आभार होते, डोळे मिटून गप्प. शेजारच्या क्वार्टरमध्ये सिग्नलवाले चाचा राहायचे. त्यांची दोन पोरंही आमच्याच पोरांत मिसळलेली. ती आपली आपणच ओळीच्या शेवटी येऊन बसायला लागली. चाची मला म्हणायची, माझ्या हाकेला येत नाहीत, तुझ्या गाण्याला बरी येतात.

हळूहळू घरातल्या एकेका कामाला एकेक गाणं लागलं. उठायचं वेगळं, अंघोळीचं वेगळं. घरात पीठ कमी असताना पाहुणा आला, की मी वधस्तंभाचं एक करुण भजन गुणगुणायची. ते ऐकलं की पोरांनी दुसरी भाकरी मागायची नाही, असं ठरलेलं. पाहुणे माझ्या भक्तीचं कौतुक करून जायचे. यात देवाचा अपमान होतो असं मला कधी वाटलं नाही. देवाचं नाव आणि पोरांचं जेवण यांत फार अंतर असावं असं मला आजही वाटत नाही.

रविवारी आमच्याच अंगणात, कडुलिंबाखाली उपासना भरायची. रेल्वेतली दोन-चार घरं आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसं, एवढीच आमची मंडळी. पाळक सोलापूरकडून दोन-तीन महिन्यांनी यायचे. ते आले की प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या आठवणीत पोळी मोडून द्राक्षरसाबरोबर सगळ्यांना वाटायची. एरवी नवरा शास्त्र वाचायचा आणि मी गाणी उचलायची. उचलायची म्हणजे पहिली ओळ एकटीनं म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती झेलायची. हातात टाळ, कडेवर धाकटी, पदराला मधला लोंबकळलेला. त्या तासाभरात मला जे सुख मिळायचं ते कशात मिळालं नाही. आठवडाभराचा शीण, नवऱ्याशी झालेली भांडणं, सगळं त्या टाळांच्या नादात निघून जायचं. मी गात नसते तर तोंडाळ म्हणून गावभर गाजले असते.

माझ्याआधी गाणी उचलायचे ते मंडळीतले एक म्हातारे पंच. तेरणेकाठच्या एका खेड्याहून ते अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं यायचे. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. तरुणपणी डफावर त्यांनी गावंच्या गावं गाजवली होती म्हणे. मग आवाज बसला आणि माझ्याकडं ते काम आलं. बाबांना ते लागलं असावं. माझं गाणं त्यांना चालायचं, पण माझी पोरं अजिबात चालायची नाहीत. मधला प्रार्थनेत माकडाचा आवाज काढायचा. धाकटीनं एकदा दानाच्या ताटात हाली पैसा टाकला. निजामाचं राज्य जाऊन त्या पैशाला खेळण्याची किंमत आली होती, आणि तिनं आपलं सगळ्यांत आवडतं खेळणं देवाला दिलं होतं. मला भरून आलं. बाबा म्हणाले, देवाची थट्टा मांडली आहे.

शेवटी त्यांनी पाळकांच्या कानावर घातलं. माझ्यासमोरच घातलं, हे मात्र त्यांचं सरळ होतं. "पाळकसाहेब, जिला घरातली पोरं आवरंनात, ती मंडळीला काय वळण लावणार? शास्त्रातच सांगितलंय, आधी आपलं घर सांभाळावं." त्यांचा पुतण्या पेटी शिकून आला होता, गाणी आता त्यानं घ्यावीत आणि मी बायकांत मागं बसावं, असं त्यांचं म्हणणं. पाळक शांत माणूस. ते म्हणाले, पुढच्या खेपेला प्रभुभोजनाच्या दिवशी बघू आणि मग ठरवू.

मी नवऱ्याला म्हटलं, गाणं काढून घेतलं तर मी उपासनेला बसेन, पण तोंड उघडणार नाही. तो म्हणाला, तसं झालं तर मंडळीलाच चमत्कार वाटेल. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. रात्री एकटीनं देवाला मात्र स्पष्ट सांगितलं: हे एवढं माझ्याकडं राहू दे, बाकी काही मागत नाही.

पाळक येणार त्या रविवारी मी पहाटेच पोरांना उठवून अंघोळी घातल्या, डोक्याला तेल चोपडलं आणि दम दिला. हलायचं नाही, बोलायचं नाही, माकड कौलावर येऊन बसलं तरी वर बघायचं नाही. मग प्रभुभोजनाच्या पोळ्या लाटल्या. आमच्याकडं रोज ज्वारीचीच भाकरी. गहू असा कधीतरी यायचा. द्राक्षरसाच्या जागी मनुका भिजवून रस गाळून ठेवला. ताट मांडून त्यावर पांढरं फडकं टाकलं आणि मेज म्हणून स्टेशनातून आणलेल्या बाकावर ठेवलं. पोरांनी वासानं नाकं वर केली, पण हलली नाहीत.

उपासना सुरू झाली. बाबा पुढच्याच सतरंजीवर, पाठ ताठ करून, नजर माझ्या पोरांवर. पोरांनी माझी लाज राखली. मधला तर श्वास घ्यायलाही परवानगी मागेल असा बसला होता. एक भजन झालं, दुसरं झालं, पाळकांचा संदेश झाला, कुणी हूं की चूं केलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. आवाज मोकळा झाला. पाळकांनी ताटावरचं फडकं काढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मेजाचं गाणं तुम्हीच उचला. तुमच्या मनातलं घ्या."

एरवी पाळक स्वतःच पुस्तकातलं गाणं सांगायचे. मनातलं म्हटल्यावर माझ्या मनात एकच आलं, आईचं. उपासनेत मी ते कधी घेतलं नव्हतं. ते घरचं होतं. पण शब्द मेजाचेच होते, चाल सगळ्यांच्या ओळखीची होती, आणि मी आनंदात होते. मी टाळ वाजवला आणि सुरू केलं, "या गं या रे हात धुऊनी, ताट मांडिलं देवानं."

ओळ संपली आणि माझी पाचही पोरं एकदम उठली.

मी काय करून बसले ते तेव्हा कळलं. पण गाणं उचलणाऱ्यानं मध्येच थांबायचं नसतं. मंडळीनं ओळ झेललेली असते. मी गात राहिले आणि डोळ्यांनी पोरांना दटावत राहिले. ती माझ्याकडं बघतच नव्हती. माणसांतून वाट काढत ती सरळ रांजणाकडं गेली. थोरलीनं तांब्यानं सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. तेवढ्यात चाचांची दोन्ही पोरं पलीकडून पळत आली आणि त्यांनीही हात पुढं केले. दुसऱ्या कडव्याला सातजण परत आली, पाळकांच्या समोर, मेजाला लागून, उंचीप्रमाणं ओळीनं मांडी घालून बसली. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी ओले हात जोडले आणि डोळे मिटले.

गाणं संपलं. प्रभुभोजन लहान मुलांसाठी नसतं. मोठं होऊन, समजून विश्वास कबूल केला की मगच मिळतं. आणि इथं सात पोरं पंगत धरून बसलेली, त्यांतली दोन तर चाचांची. बाबांनी पाळकांकडं बघितलं. त्यांना काही बोलायची गरजच नव्हती. मी मनातल्या मनात टाळ खाली ठेवला.

पाळक वाकले आणि धाकटीला विचारलं, "कशाला आलीस गं?"

"जेवायला," ती म्हणाली. डोळे तसेच मिटलेले.

"कुणी बोलावलं?"

"गाण्यानं."

पाळकांनी ओळीतल्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, चाचांच्या पोरांनाही दिला, आणि मग मंडळीकडं वळले. "हात धुऊन या, असं आत्ता आपण सगळ्यांनीच गायलं," ते म्हणाले. "उठलं कोण?"

ते स्वतः आधी रांजणाकडं गेले. त्यांच्यामागं मंडळी उठली. म्हातारे, बायका, सगळे रांगेनं हात धुऊन आले आणि मग पोळी मोडली गेली. बाबाही धुऊन आले, पण मान खाली. उपासना संपल्यावर पाळक त्यांना एवढंच म्हणाले की, घरात इतकं वळण असेल तर बाहेरची काळजी नको; गाणी सूनबाईच उचलतील, पुतण्याला पेटी घेऊन साथीला पाठवा. मधला कौलाकडं बघून माकडाचा आवाज काढत होता, पण तेव्हा त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी पाळक पुढच्या गावाला गेले. मंडळी पांगली. मी घरात शिरून दार लोटलं आणि हसत सुटले. नवरा कामावर निघाला होता, तोही हसला. एवढी मोठी गोष्ट माझी राहिली होती आणि ती पोरांनी राखली होती, तीही मी ज्या गोष्टीसाठी त्यांना दम दिला होता नेमकी ती करून. धाकटीचे मी इतके मुके घेतले की ती रडायला लागली.

बाबा मात्र स्टेशनावर होते. त्यांची गाडी संध्याकाळची, आणि छोटी गाडी कधी वेळेवर आली असेल तर मला आठवत नाही. एरवी ते आमच्याकडं येऊन बसायचे. त्या दिवशी आले नाहीत. फलाटाच्या टोकाच्या बाकावर एकटेच बसलेले मला दारातून दिसत होते. मला आधी बरं वाटलं. बसू दे, म्हटलं. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि घरी ते हातानंच करून खायचे, हे मला माहीत होतं, तरी म्हटलं, बसू दे.

दिवे लागायच्या सुमाराला पिठलं-भाकरी झाली. मी रोजच्यासारखी दारात उभी राहिले आणि गाणं उचललं. पोरं आली. हात धुतले. चाचांचीही आली. ओळ बसली. मी शेवटचं कडवं म्हणत आत वळणार, तोच कडुलिंबाखालून काठीचा आवाज आला. बाबा उभे होते. पागोटं काखेत, आणि धोतराच्या सोग्याला ते हात पुसत होते.

"म्या बी गाणं ऐकलं, सूनबाई," ते म्हणाले. "माझी माय दळताना ह्याच चालीवर म्हणायची. हात धुऊन आलोय."

आणि ते ओळीच्या शेवटी, चाचांच्या धाकट्याशेजारी जाऊन बसले.

घरात पीठ जेमतेम होतं. पोरं सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. आता वधस्तंभाचं भजन येणार की काय, याची वाट बघत. मी तोंड गच्च मिटलं आणि पहिली भाकरी बाबांच्या ताटात वाढली. त्यांनी डोळे मिटले आणि आईच्या गाण्याचं शेवटचं कडवं, मी अर्ध्यावर सोडलेलं, आपल्या बसक्या आवाजात पूर्ण केलं. ओळ मी झेलली.