दर्भाचा कावळा

मी बंगळूरला फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांवर काम करते. दुसरं काही मला येत नाही आणि करायचंही नाही. आमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतून वडिलांनी एकदा फोनवर विचारलं होतं, "फुटला तर चारी बाजूंनी सारखाच पसरायला पाहिजे ना? मग तू पाठवलेल्या चित्रात एका अंगानं चेपलेला का गं?"

मी सांगितलं, भोवती वायू असतो. तो दाट असेल तिकडे स्फोटाचा लोट अडतो, विरळ असेल तिकडे लांब धावतो. आणि पुष्कळदा तो वायू ताऱ्यानंच म्हातारपणी सोडून ठेवलेला असतो.

"म्हणजे आपलंच आपल्याला आडवं," म्हणून ते हसले.

त्यांच्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. भिंतीवर दोन बसले होते, ढिम्म. गेलेल्याची इच्छा अडकली की असं होतं म्हणतात, मग नातेवाईक हात जोडून एकेक शब्द देतात. आईला सांभाळू म्हणून झालं, बाग विकणार नाही म्हणून झालं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बोल माय," काका म्हणाले. "दादाला तुझाच घोर व्हता. पोरगी परत येऊन बाग बघील, असं साऱ्या गावाला सांगून ठेवलंय त्यानं."

मला मात्र वडील एका शब्दानं बोलले नव्हते. मला ते फक्त तारे विचारायचे. भयंकर राग आला, त्यांचाच. त्यांचं ते बोलणं आता माणसं होऊन माझ्याभोवती दाटून उभं होतं आणि मला कुठूनच वाट नव्हती. ऊन चढलं होतं, म्हातारी माणसं उपाशी होती. मी हात जोडले. "परत येते. बाग बघते."

कावळे हललेसुद्धा नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला सुटली.

गाडीत बसल्यावर मी काकांना म्हणाले, "कावळा शिवला नाही. म्हणजे माझा शब्दही सुटला."

"शिवला की," ते म्हणाले. "दर्भाचा असला म्हून काय झालं?"

मी आईकडे पाहिलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

"तुझं कपाट सकाळीच रिकामं करून ठेवलंय. पुस्तकं मावतील."