मॉरिसची पहिली फेरी

निपाणीत आमच्या शेजारी भूपालअण्णा राहतात. तंबाखूची वखार मुलाकडे सोपवल्यावर त्यांनी सदलग्याच्या एका गोठ्यातून गंजलेली जुनी मॉरिस मोटार आणली आणि ती अंगणात खोलून बसले. मदतीला होते बालमित्र बाबगोंडा. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असे.

आमच्याकडे गाडीची पहिली फेरी घाट चढून स्तवनिधीच्या देवाला. मॉरिस सुरू झाली, तेव्हा अण्णांनी पौर्णिमा ठरवली. तोवर तिला फाटकाबाहेर काढायचे नव्हते.

पौर्णिमेला अण्णा आणि बाबगोंडा यांच्याबरोबर मीही निघाले. अण्णांनी गाडीवरचे कापड ओढले, तर बॉनेटवर कोमेजलेला हार आणि कुंकू.

"कोण घेऊन गेलतं रं?" त्यांनी विचारले.

"मीच," बाबगोंडा हसत म्हणाले. "काल तू चिकोडीला गेलतास. बेळगावचं मेव्हणं आलतं, त्यास्नी देव दाखवून आणलं. आज पुन्यांदा जाऊया की! देव काय पळून जातोय व्हय?"

अण्णांनी हात पुढे करून त्यांच्याकडची किल्ली मागून घेतली आणि बसस्टँडची वाट धरली. मी मागोमाग गेले.

स्तवनिधीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. घाट लागल्यावर मला म्हणाले, "आक्का, हितं कशी चढली ती, तेवढं इचारायचं ऱ्हायलं."