जप्तीतली अमानत

आमच्या गुमास्त्याने खरंच लबाडी केली की नाही, हे मला आजही माहीत नाही. साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या खाडीकाठी आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागेच बिऱ्हाड. शारजाच्या एका घाऊक व्यापाऱ्याने तक्रार केली, की गुमास्त्याने आमच्या नावावर तागेच्या तागे उचलले आणि एक पैसा पोचवला नाही. गुमास्ता रडून सांगत होता की मी काही केलं नाही. मालक म्हणून देणं मात्र आमच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! फैसला होईपर्यंत आम्ही काही विकू नये, लपवू नये, म्हणून दिवाणातून, म्हणजे शेखांच्या कचेरीतून, माणसं आली आणि दुकानावर, घरावर तात्पुरती जप्ती बसली. चूल आणि निजायची खोली तेवढी आम्हाला ठेवली.

मागच्या खोलीच्या दारालाही लाखेची मोहोर लागली. आत तांडेलाची पेटी होती. हा तांडेल आमच्या रत्नागिरीकडचाच, लाँच चालवायचा. समुद्रावर निघाला की पेटी आमच्याकडे ठेवून जाई. त्याच्या लेकीचा निकाह ठरला होता, आणि ह्या खेपेहून परतला की पेटी घेऊन तो गावी जाणार होता. तिच्यासाठी इतकी वर्षं जमवलेलं सगळं त्या पेटीत होतं.

आमच्या लोकांत अमानतीची पावती मागत नाहीत. मागितलीच, तर पुन्हा एकमेकांचं तोंड बघायला नको. ठेवणारा आत काय आहे ते सांगत नाही आणि सांभाळणारा विचारत नाही. पेटीला कुलूपही नव्हतं, नुसतं सुंभ बांधलेलं.

दिवाणातले साहेब वयस्क, बोलायला नरम. मुंबईशी व्यापार केलेले, त्यामुळे हिंदी चांगलं. म्हणाले, "सेठ, जो दूसरे का है वो अलग रख दूँगा. बस इतना बोलो, पेटी में क्या है. बराबर निकला तो खलास, पेटी बाहर. नहीं तो, फैसला उलटा आया तो सब सामान के साथ नीलाम."

आमचे हे म्हणाले, "मालूम नहीं."

साहेब गेल्यावर मी भांडी आपटायला सुरुवात केली. "मालूम नहीं काय? लग्नाची पेटी आहे, कपडे असतील, सोनं असेल. अंदाजाने तरी सांगा!"

"आणि चुकलं तर?"

"गप्प राहून त्या पोरीचं काय भलं होणार आहे?"

"बघितलं नाही, ते सांगू कसं?"

असा माणूस! धंदा बुडत होता आणि ह्यांना इमान सुचत होतं. मी त्या दिवशी ह्यांच्याशी धड बोलले नाही. तांडेल परत आला की त्याला काय तोंड दाखवायचं, ह्या विचाराने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब सामानाची नोंद करायला आले. मोहोर तोडली. मी पडद्याआड उभी होते. साहेबांनी पेटी पुढे ओढली, सुंभ सोडलं आणि झाकण उचललं. तेवढ्यात आमच्या ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सेठ, इधर देखो."

"आपको खोलने का हुक्म है साहब. मुझे देखने की इजाजत नहीं है."

साहेब झाकण धरून तसेच थांबले. मला पडद्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, खाली जरीची ओढणी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, काय सांगू? पण ह्या माणसाशी आपला निकाह झाला ह्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

साहेबांनी झाकण लावलं. स्वतःच्या हाताने सुंभ बांधलं, आणि शिपायाला म्हणाले, "इसको बाहर रखो. ये सेठ का माल नहीं."

पेटी बाहेर गेली तरी आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभेच. शेवटी मीच पडद्यातून हात घालून त्यांची बाही ओढली. म्हटलं, "वळा आता. बांधली त्यांनी."