काचेमागची एनिड

एनिड गार्साइड दुकानात आली ती सहा आठवड्यांसाठी. त्याला यंदा अकरा वर्षं झाली.

थॉर्नबीच्या चौकात लोकरीच्या व्यापाऱ्यांनी चारशे वर्षांपूर्वी बांधलेली लाकडी इमारत आहे. तिच्यात जुन्या वस्तूंचं दुकान चालतं आणि विक्रीचा सगळा पैसा गावाबाहेरच्या शुश्रूषागृहाला जातो. तिथेच एनिडचा नवरा क्लिफर्ड गेला. शेवटचे वीस दिवस नर्सनी त्याला फुलासारखं जपलं. म्हणून दुकान चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई रोझलिंड ॲपलगार्थ यांनी "दुसरं कुणी मिळेपर्यंत सांभाळशील ना?" असं विचारलं, तेव्हा एनिडच्या तोंडून 'नाही' निघेना. पुढेही कधी निघालं नाही.

व्हिटबीला, समुद्राकाठी, तिची धाकटी बहीण मेव्हिस राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. "माडीवरची खोली झाडून ठेवलीय गं. का जन्म त्या फुटक्या बशांना वाहिलायस?"

एनिडने दोनदा राजीनामा लिहिला. पहिल्यांदा रोझलिंडच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा पत्र पर्समधून काढायच्या आतच रोझलिंडने केक पुढे केला, "तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ." पत्र पर्समध्येच राहिलं.

मग ऑक्टोबरातला तो मंगळवार. एनिड वरच्या खोलीत चिनी मातीची भांडी लावत होती. वाऱ्याने दार धाडकन आपटलं. ओल धरून फुगलेलं ओकचं लाकूड चौकटीत असं गच्च बसलं की ओढता ओढता कडीच तिच्या हातात आली. पर्स जवळ होती, पण मोबाइल खाली, कोटाच्या खिशात. खाली मदतीला वॉल्टर होता, पण गिऱ्हाईक नसलं की तो कानातलं यंत्र काढून शब्दकोडं घेऊन बसे. एनिडने हाका मारल्या, जमिनीवर टाचा आपटल्या.

शेवटी तिने खिडकीची काच ठोठावली. खिडकी उघडणारी नव्हतीच. सरकारने जतन केलेल्या त्या इमारतीत खिळा ठोकायलाही परवानगी लागे. चौकातून खाटकाच्या बायकोने वर पाहिलं आणि हसून हात हलवला. एनिडने दोन्ही हात हलवले, तशी तिने आणखी जोरात हलवला. पोस्टमननेही हलवला. दोन-दहाची व्हिटबीची बस भरली, निघून गेली.

अशी साडेतीन तास ती हात हलवणाऱ्या गावाकडे बघत राहिली. मग कुणी विकत घेत नव्हतं असं एक चिनी मातीचं कुत्रं तिने उचललं आणि हातात धरूनच काचेवर हाणलं.

चौकातले लोक दुकानात धावले, तेव्हा कुठे वॉल्टर पहार घेऊन वर आला. पाठोपाठ रोझलिंड.

"एनिड! ही काच अडीचशे वर्षांची होती!"

"मी साडेतीन तास कोंडलेली होते."

"अगं, पाचला दुकान बंद करताना वॉल्टर आलाच असता की वर."

"अकरा वर्षांत वर कोण आलंय, रोझलिंड?" एनिडने हाताला फडकं गुंडाळलं होतं, त्यातून रक्त झिरपत होतं. दुसऱ्या हाताने तिने पर्समधलं पत्र काढून दिलं.

रोझलिंडने ते वाचलं, घडी घातली. "काचेचं तेवढं मार्गी लावून जा. असं अर्ध्यावर टाकणं तुला शोभत नाही."

आणि एनिड 'बरं' म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

तसली काच बसवणारा कारागीर जानेवारीत येणार होता. मग सरकारी परवानगी अडली. तोवर खिडकीवर फळी मारलेली, आणि एनिड दिवा लावून भांडी पुसायची. एवढंच केलं तिने, की वॉल्टरच्या हातात चावी ठेवली.

"शनिवारी मी येणार नाही."

"मग कोण येणार?"

"तुम्ही."

त्या शनिवारापासून ती व्हिटबीला जाऊ लागली. दोघी बंदरावर बसून कागदातले मासे-बटाटे खायच्या, आणि मेव्हिस विचारायची, "काच बसल्यावर येशील ना कायमची?"

"बघू."

एप्रिलात काच बसली. नवं माणूस मिळालं नव्हतं. मे महिन्यात मेव्हिसचा फोन आला, तोही बुधवारी.

"खोली भाड्याने दिली गं, एका शिक्षिकेला. किती वर्षं नुसती झाडत बसू?"

"बरं केलंस," एनिड म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून होती. अंगावर कोट तसाच होता.

शनिवारी ती अजून जाते. मेव्हिसच्या सोफ्यावर झोपते, आणि रविवारी संध्याकाळच्या बसने परत येते.