खुटबावचा काठोकाठ पेला

दिवाळीत माझी नणंद मेधा नाशिकहून आली ती वाइनची बाटली घेऊनच. फराळ करताना म्हणाली, "वहिनी, तुझ्या माहेरी काय मिळतं गं? ऊस, आणि उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या गाड्या." सगळे हसले, मीही हसले. राग नंतर आला, भांडी आवरताना. तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त. तळेगाव ढमढेऱ्यात वाढलेल्या मला उलट उत्तर म्हणून एक पदार्थही सुचला नव्हता.

म्हणून जानेवारीत तिला पुन्हा बोलावलं आणि शिरूर-दौंडची दोन दिवसांची सहल आखली. मी, मेधा आणि गाडी चालवायला माझा नवरा शेखर.

या सहलीचं खरं कारण होतं एक जेवण. तळेगावच्या काकूंकडून कळलं होतं की खुटबावला रोहिणी नावाची एका बागायतदाराची सून शेतावर पाहुण्यांना घरचं जेवायला घालणार आहे, आणि सोबत त्यांच्याच द्राक्षांची वाइन असणार आहे. त्यांची द्राक्षं सोलापूर रस्त्यावरच्या एका वायनरीत जातात. तिथे चव घ्यायला येणाऱ्या लोकांना वाइन ओतून देण्याचं काम रोहिणीने एक हंगाम केलं होतं. मी फोन केला तर म्हणाली, "ताई, वाइन मी विकत न्हाई. बाटली तुम्ही वायनरीतनं घेऊन यायची, जेवान माझं. पण एक आधीच सांगते. आमच्यात पाव्हण्यांच्या पंगतीला घरातलं मोठं माणूस बसल्याबिगर पयला घास कुणी घेत न्हाई. आन् आबा म्हणत्यात, बाटली असंल तिथं मी बसायचो न्हाई."

आबा म्हणजे तिचे सासरे.

"मग?"

"मग काय! तुमी पयलं पाव्हणं. आबा बसले तर पुढं चालू ठेवीन. न्हाई बसले तर तुमचीच शेवटची पंगत."

फोन ठेवल्यावर माझं मन मला खाऊ लागलं. नणंदेला दाखवून देण्यासाठी मी कुणा म्हाताऱ्या माणसाच्या घरात त्याला नको असलेली वस्तू नेणार होते. पुन्हा फोन करून म्हटलं, बाटली राहू द्या. रोहिणी म्हणाली, "ताई, द्राक्षं आमच्या घामाची हायती. लोकांच्या ताटाला चालत्यात, आन् आमच्याच ताटाला का न्हाई?" मी शेखरला वायनरीत पाठवलं. शेखरने बाटली आणून ठेवली.

पहिला दिवस. पुण्यातून नगर रस्त्याने जाणार असाल तर सकाळी लवकरच वाघोली ओलांडा, नाहीतर तिथेच भूक लागेल. शिक्रापूरला नाश्ता करून आम्ही तळेगावात पोचलो. मुद्दाम बाजाराचा दिवस धरला होता. मेथीचे ढीग, नव्या बाजरीची पोती, ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या. मेधाने एका आजींना विचारलं, "मावशी, हे सेंद्रिय आहे का?" आजी म्हणाल्या, "आगं बाई, हे हरबरं हाय." मेधाने मुकाट्याने दोन गड्ड्या घेतल्या.

मुक्काम काकूंकडे. काकूंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. कुळथाच्या पिठाची, हाताने वळलेली, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजलेली. मेधाने दोनदा वाढून घेतली. नणंद दोनदा वाढून घेते, याचा अर्थ मला कळतो.

दुसरा दिवस. भीमा ओलांडली की राहू हे गाव. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच की रस्ता गल्लीसारखा वाटतो. थंडीत इथली गुऱ्हाळं चालू असतात. लांबूनच गोड धूर येतो, तिकडे गाडी वळवायची आणि विचारायचं, कुणी नाही म्हणत नाही. कढईतला रस ढवळणारा कामगार उत्तर प्रदेशचा होता. "दीदी, पीछे रहिए, छींटा उड़ेगा," असं बजावत त्याने पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. मेधाला पिवळाधमक गूळ हवा होता. मालक हसले. "पिवळा गिऱ्हाइकाला, ताई. काळपट आमी घरात खातो." आम्ही काळपट घेतला. आणि काकवीची बाटलीही घ्या, शहरात अशी मिळत नाही.

मग मुळा-मुठा ओलांडून खुटबाव.

द्राक्षांची बाग छोटी, घडांना नुकता रंग चढू लागलेला. रोहिणीने आंब्याखाली सतरंज्या घातल्या होत्या, पाटांपुढे ताटं मांडली होती. ओसरीवर आबा बसले होते, पांढरं धोतर, लाल पटका. मी नमस्कार केला. "या," म्हणाले, आणि तोंड बागेकडे फिरवलं.

काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "आबा, बाग तुम्ही लावलीत?"

"म्या लावली. माझा बाप मेंढरं घिऊन कोकणात जायचा. चार म्हयने पाठीवर बिऱ्हाड. म्या म्हनलं, आता एका जागी मुळं धरायची." थोडं थांबून म्हणाले, "पर दारूच्या दुकानाम्होरं लोळणारी माणसं बघितल्याती म्या. ती वस्तू माझ्या अंगणात नगं. धनगराच्या वस्तीवर बार काढला म्हनतील लोक."

मला वाटलं, आत्ताच उठून बाटली गाडीत ठेवावी. रोहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही.

ताटं वाढली गेली. मटणाचा काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा, बाजरीची भाकरी, ठेचा, तूप सोडलेली काकवी. आबांचं ताटही वाढलेलं, मधोमध, रिकाम्या पाटापुढे. आम्ही हात आवरून बसलो. वाफ निघत राहिली. रोहिणीने वायनरीत शिकल्याप्रमाणे बाटली उघडली आणि लांब दांड्याच्या काचेच्या पेल्यांत तळाशी थोडी थोडी लाल वाइन ओतली, एक मेधाला, एक मला. मेधा खूश. "बरोब्बर! तिसरा हिस्साच भरायचा असतो."

ओसरीवरून आवाज आला, "रोहिणे! हे काय वाढलंस?"

रोहिणीचा चेहरा उतरला. "आबा, वाइन..."

"ते दिसतंय मला! पर एवढीशी? पाव्हणं काय औषिद घ्यायला आल्यात का?"

"आबा, वास घ्यायला वर जागा ठेवायची आसती."

"वास? पाव्हण्याला वासावर बोळवतीस व्हय? माझ्या बापानं रानात उतरलेल्या वाटसराला कवा अर्धा पेला दूध दिलं न्हाई! आन् तू माझ्या अंगणात..." आबा उठले. काठी न घेताच पायऱ्या उतरले. रोहिणीच्या हातातून बाटली घेतली आणि मेधाचा पेला भरू लागले. अगदी काठापर्यंत. मग माझा. दोन पेल्यांत बाटली संपली. ती त्यांनी उलटी करून पाहिली आणि नाराजीने खाली ठेवली.

शेखरकडे वळले. "तुमचा पेला कुठं?"

"आबा, मला गाडी चालवायचीय."

"मंग ताक." ताकाचा तांब्या आला. शेखरचा पेला भरला, स्वतःचाही. मग भरल्या पेल्यांकडे एकदा नीट पाहून, पटका सावरत, आबा मधल्या पाटावर बसले.

"घ्या," म्हणाले.

रोहिणी पटकन चुलीकडे वळली. "भाकरी करपंल," म्हणाली. भाकरी तव्यावर नव्हतीच.

तुम्ही हे वाइनसाठी वाचत असाल, तर प्रामाणिकपणे सांगते: वास मला आला नाही. काठोकाठ भरलेला पेला गोल फिरवायला गेलं की वाइन ताटात सांडते. चव तुरट, मागाहून जांभळासारखी, आणि काळ्या मसाल्यापुढे टिकणारी. मेधा नाशिकची जाणकार, पण दोन्ही हातांनी पेला धरून, लहान मुलासारखी वरचा घोट ओढत होती. माझा पेला निम्म्यावरच थांबला. आबांनी ते पाहिलं, पण रागावले नाहीत. "न्हाई संपलं तर ऱ्हाऊ द्या. द्येनाऱ्यानं भरून द्यायचं, घेनाऱ्यानं आपलं पोट बघायचं."

जाणार असाल तर आधी फोन करा, जेवणाचे माणशी सातशे होतात, आणि गाडी चालवणाऱ्याने ताकच घ्यावं. परतताना यवतवरून सोलापूर रस्त्याने पुणं सरळ आहे.

घरी आल्यावर बरेच दिवस एक प्रश्न पडत होता. आबांनी वाइन स्वीकारली, की आमच्यासमोर त्यांचा नाइलाज झाला? हे लिहायला घेण्याआधी रोहिणीला फोन करून तसं विचारलंच. ती हसली. "आवो ताई, पुढच्या शनवारी दुसरं पाव्हणं येणार हायती. आबांची एकच अट, पेला भरलेला पायजे. मी चहाचे बारके काचेचे ग्लास आणलेत. तेवढीच वाइन, पण काठोकाठ. ग्लास आबांनीच पारखून घेतले." प्रश्न संपला. माझ्या मातीने वाइनलाही आपल्या रीतीच्या पेल्यात बसवलं, याचा मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही.

मागच्या आठवड्यात मेधा पुन्हा आली होती. उन्हातून आली म्हणून सरबत केलं, काळपट गुळाचं. सवयीने ग्लासात दोन बोटं जागा ठेवून तिच्यापुढे धरलं. तिने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भर की गं वहिनी," म्हणाली, "मी काय औषध घ्यायला आलेय?"