चर्चच्या टेकडीची चढण

रायपूर सपाट आहे. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि तोही स्कूटरला फारसा जाणवत नाही. या सपाट गावात मी कॉलेज सुटल्यापासून गाडी चालवत आले, आणि त्यातली बरीचशी वर्षं माझ्या मागे एकच बाई बसली. ती बूढापारा या आमच्याच मोहल्ल्यात, मागच्या गल्लीत राहते. आम्ही दोघी एकाच सरकारी कार्यालयात लागलो. पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं की मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा आणि तिनं दोघींचे डबे मांडीवर घेऊन मागे बसायचं.

तिचं माहेर अभनपूरचं, मोकळं. सासर मात्र कडक. तिला गाडी शिकायची फार हौस होती, पण सासूबाई म्हणाल्या, गरजच काय, शेजारीण नेते न रोज. ती शेजारीण मी. या एका वाक्यानं तिचं शिकणं कायमचं राहिलं, आणि मला त्याचं उगाच वाईट वाटत असे. म्हणून तिला बाजारात न्यायचं, दवाखान्यात न्यायचं, माहेरी सोडायचं, असं काही असलं की मी कधी नाही म्हटलं नाही.

विशाखापट्टणमला जायचं आम्ही किती वर्षं बोलत होतो. रायपूरच्या माणसाला समुद्र पाहायचा तर तोच जवळचा. एकदाची दोघींची मुलं मोठी झाली, रजा जुळली. माझा नवरा रेल्वेत आहे, त्यानं तिकिटं काढून दिली आणि खुशाल जा म्हणाला. तिच्या सासूबाईंकडे परवानगी मागायला मीच गेले. त्यांनी मला चहा दिला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘तू सोबत आहे म्हणून पाठवून राहिली. सिंहाचलमचं दर्शन घ्या अन् या. उगाच भटकू नका.’ मी हो म्हटलं. मैत्रीण दाराआड उभी होती. बाहेर आल्यावर तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

ओडिशातलं रायगडा स्टेशन ओलांडल्यावर गाडी डोंगरांतून जायला लागली तेव्हापासून ती खिडकीशी जी चिकटली ती उठलीच नाही. पहिला दिवस समुद्रावर आणि देवळात गेला. सगळीकडे ऑटोनं फिरलो. ते शहर असं आहे की रस्ता चढता चढता एकदम संपल्यासारखा वाटतो आणि पुढे थेट पाणी दिसतं. आपण वर असतो की खाली, ते दर वळणाला नव्यानं कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. समोरून दोन पोरी भाड्याच्या स्कूटरवरून हसत गेल्या. मैत्रिणीनं त्यांना वळणापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, आपण पण घेऊ.

मी नको म्हटलं, आणि ते मी नीट म्हटलं, हे मला लख्ख आठवतं. मी म्हटलं की मला अशा रस्त्यांची सवय नाही, ऑटो काय वाईट आहे. ती म्हणाली, ‘ऑटोवाला सांगल तिथंच जायचं काय? इथं कोणी पाहून नाही राहिलं आपल्याले. एक दिवस तं जगू दे वं.’ मग रस्ता ओलांडून दुकानात तीच पुढे गेली. दुकानदाराशी हिंदीत घासाघीस तिनंच केली, गाडीचा रंगही तिनंच निवडला. मी फक्त माझं लायसन्स दाखवलं आणि किल्ली घेतली.

पुढचे काही तास फार सुखाचे गेले, हे मला कबूल केलंच पाहिजे. समुद्राकडेच्या रस्त्यावर वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी ती मागून बोलतच होती. मध्येच तिनं दोन्ही हात पसरले. आरशात मला तिचा चेहरा दिसला, आणि मी इतक्या वर्षांत तो तसा कधी पाहिला नव्हता. तेव्हा मला वाटलं, बरं झालं आपण ऐकलं तिचं.

बंदराजवळ जुन्या वस्तीत तीन टेकड्या आहेत. एकीवर देऊळ, एकीवर दर्गा, एकीवर चर्च. चर्चच्या टेकडीवरून जहाजं आत येताना दिसतात असं तिला हॉटेलात कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही पायथ्याशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्ता अरुंद होता आणि पुढे वळून एकदम उभा झाला होता. मी गाडी थांबवली आणि म्हटलं, इथं लावू, चालत जाऊ. ती म्हणाली पाय दुखून राहिले. मी म्हटलं दोघींना घेऊन ही चढणार नाही. ती म्हणाली, चढते, लोकं जातात न. मी पुन्हा नाही म्हटलं असतं तर ती रुसली असती, आणि तो दिवस मला मोडायचा नव्हता. मी गाडी वर घातली.

वळणापर्यंत ती नीट गेली. वळणावर वरून एक मोटार उतरत आली आणि तिला जागा द्यायला मला थांबावं लागलं. मोटार गेली. मी वेग दिला, पण गाडी पुढे जाईना. ती मागे सरकायला लागली. दोन्ही ब्रेक मी आवळून धरले होते, तरी चाकाखालच्या खडीवरून गाडी घसरत होती. मी मागे मैत्रिणीला म्हटलं, ‘उतरू नको, पाय टेकव अन् धर.’ ती घाबरली. माझ्या खांद्याला रेटा देऊन तिनं बाजूला उडी मारली. त्या रेट्यानं तोल गेला आणि मी गाडीसकट गटाराच्या कडेला पडले. गाडी माझ्या डाव्या पायावर होती. पाय मोडला हे मला आवाजावरूनच कळलं.

तिच्या उडी मारण्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. भीती वाटली की माणूस उतरतो. तिनं लगेच धावत येऊन गाडी उचलायचा प्रयत्न केला, रडत रडत लोकांना हाका मारल्या, ऑटोत माझं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यात एक्स-रे काढेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

मग मला एका खाटेवर निजवून पडदा ओढला. डॉक्टर येणार होते. पडद्याच्या पलीकडे, अगदी दोन हातांवर, तिचा आवाज आला. ती माझ्या नवऱ्याशी फोनवर बोलत होती. आधी तिनं सांगितलं की जिवाला धोका नाही, पाय मोडला आहे. मग तिकडून त्यानं विचारलं असावं की गाडीवर कशाला गेलात. ती म्हणाली, ‘भाऊजी, मी तं किती मना केलं. ऑटोनंच जाऊ म्हटलं. पण तिले गाडीच पाहिजे होती. त्या टेकडीवर पण मी नको नको म्हणत होती.’

मी छताकडे पाहत होते. मला आधी वाटलं, औषधानं मला चुकीचं ऐकू येतंय. मग तिनं दुसरा फोन लावला, तिच्या घरी, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त सफाईनं. पडदा सारून आत आली तेव्हा तिनं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, सांगितलं घरी, काळजी नको करू.

मला वाटलं, घाबरून बोलली असेल, रायपूरला गेल्यावर नीट सांगेल. मी तिला वेळ देत होते.

नवरा मिळेल त्या गाडीनं आला. माझ्यावर तो रागावला नाही. फक्त तिच्याशी फार अदबीनं वागला. स्टेशनवर तिला म्हणाला, तुम्ही होता म्हणून बरं झालं, नाहीतर हिचं काय झालं असतं. ती म्हणाली, असं काय भाऊजी, बहीणच आहे ती माझी. परतीच्या प्रवासात तिनं मला संत्री सोलून दिली. मी ती खाल्ली. तिच्याकडे पाहिलं की ती खिडकीबाहेर पाही.

रायपूरला प्लास्टर घालून मी पुढच्या खोलीत पडून होते. पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, लहान; बातमी आमच्या आधी पोचली होती. येणारी प्रत्येक बाई पायाकडे बघून एकच विचारायची, या वयात काहून पण? तिच्या सासूबाईही आल्या, सुनेला घेऊन. डब्यात शिरा आणला होता. पायाची चौकशी केली, मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘मी तुझ्या भरोशावर पाठवलं होतं न. माझ्या सुनेले काही झालं असतं तं मी तिच्या मायले काय तोंड दाखवलं असतं?’

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, हातात चहाचा कप. बोलायची हीच वेळ होती. तिनं कपातल्या सायीवर फुंकर घातली आणि साय कडेला जाताना पाहत राहिली. मीच म्हटलं, चुकलं माझं. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना मैत्रीण दारात वळलीसुद्धा नाही.

त्या आठवड्यात माझी स्कूटर गेली. नवऱ्याचा पुतण्या उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला होता, त्याला जायला-यायला गाडी हवी होती. नवऱ्यानं ती त्याला देऊन टाकली. मला विचारलं नाही. मी किल्ली नेहमीच्या खिळ्यावर दिसेना म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं. मुलगा आतून म्हणाला, ‘मम्मी, अब आप रहने दो. ऑटो है ना.’

तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं. नवऱ्याला म्हटलं, गाडी घ्यायचं तिनं ठरवलं, टेकडीवर जायचं तिनं ठरवलं, मी नको म्हणत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘जाऊ दे न आता. तिनं तुले एवढं सांभाळलं, तिच्यावर नको ढकलू.’

पाय मोडल्याचं दुखणं औषधानं कमी झालं होतं. या वाक्यावर काही औषध नव्हतं. ज्याच्याशी मी कधी खोटं बोलले नाही त्याच्या लेखी मी खोटं बोलणारी झाले होते.

ती एकटी आली ती बऱ्याच दिवसांनी, दुपारची, घरात कोणी नसताना. प्लास्टर निघालं होतं. मी भिंत धरून चालायला शिकत होते. ती आधार द्यायला पुढे झाली तेव्हा मी हात मागे घेतला.

‘तू फोनवर खोटं काहून बोलली?’ मी विचारलं.

मला वाटलं होतं ती आढेवेढे घेईल. तिनं घेतले नाहीत. जणू कधीपासून तयारच होती.

‘तुझ्या घरचे दोन दिवस रागावतील अन् विसरून जातील,’ ती म्हणाली. ‘माझ्या घरी हेच जन्मभर काढलं असतं. मले पुन्हा कुठंच नसतं जाऊ दिलं. तुले माहीत आहे.’

मला माहीत होतं. तिच्या बोलण्यात एक अक्षर चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

‘मग मले विचारायचं. मी स्वतः घेतलं असतं न अंगावर.’

‘विचारलं असतं तं हो म्हणली असती काय?’

‘म्हणली असती,’ मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले, स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला आणि तो उकळायच्या आत निघून गेली. चहा मी भिंत धरत जाऊन बंद केला.

मी खरंच हो म्हटलं असतं. पडद्याआड येऊन तिनं नुसतं सांगितलं असतं की बाई, मला वाचव, तर मी नवऱ्याला स्वतः फोन लावला असता. मी जे हातानं दिलं असतं ते तिनं मला न विचारता नेलं. आणि इतकी वर्षं मागे बसूनही तिला मी देईन याची खात्री वाटली नाही, हे मला अजून उमगत नाही.

कामावर रुजू झाल्यावर पाहिलं तर ती आमच्या विभागात नव्यानं आलेल्या एका पोरीच्या गाडीवर येत होती. मी ऑटोनं जाई. पुढे काही महिन्यांनी मी घरात सांगून टाकलं की मी गाडी घेऊन राहिली, विचारत नाही, सांगतेय. नवरा गाडी पाहायला सोबत आला. पहिल्या दिवशी उड्डाणपुलावर पुढची रांग थांबली तेव्हा मी दोन्ही ब्रेक घट्ट आवळले. मागून कोणी हॉर्न वाजवला. मी पाय टेकून थांबले, रांग सुटल्यावर हळूच वेग दिला आणि पुलावरून उतरले.

तिच्या सासूबाईंना मी खरं सांगू शकले असते. देवळात भेटतात, माझ्याशी चांगल्या बोलतात. कधीकधी ओठांवर येतं. पण मी सांगितलं तर तिचं घराबाहेर पडणं त्याच दिवशी बंद होईल, आणि ते माझ्या हातून व्हायला नको. म्हणजे तिचं खोटं मीच राखून आहे. तिनं मागितलं नाही तरी. यामुळे मला तिच्यापेक्षा स्वतःचीच चीड जास्त येते.

गेल्या थंडीत ती पाऱ्यातल्या बायकांसोबत पुरीला जाऊन आली. सासूबाईंनी या वेळी काहीच अट घातली नाही म्हणे. आल्यावर माझ्या टेबलाशी आली, प्रसादाची पुडी ठेवली, समुद्राबद्दल थोडं बोलली. तिकडचा समुद्र सपाट किनाऱ्याचा आहे, डोंगर नाहीत, असं काहीसं. मग जरा घुटमळून म्हणाली, ‘पुढच्या वेळी तू पण चल.’

‘हव,’ मी मान डोलावून म्हटलं.

ती तिच्या जागेवर गेली. मी पुडी सोडली, थोडा प्रसाद स्वतः खाल्ला, बाकीचा आजूबाजूच्या टेबलांवर वाटला आणि समोरची फाईल उघडली.