शांतवन झोपला नव्हता

सहा आठवड्यांपूर्वी अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये शांतवन साळवेच्या अंत्यविधीची उपासना झाली. पेटी पुढे ठेवलेली, त्याची बायको रूथवहिनी पहिल्या बाकावर, आणि पाळकसाहेब बोलता बोलता जरा थांबून म्हणाले, "आपला शांतवन म्हणजे... सेवाकार्यासाठी टांझानियापर्यंत गेला आणि निरोपाच्या सभेला झोपून राहिला." भरल्या डोळ्यांनी सगळी मंडळी हसली. मीही हसलो. खरं म्हणजे अकरा वर्षं चाललेला तो विनोद त्या दिवशी थांबवायला हवा होता, आणि ते काम माझं होतं. शांतवन झोपला नव्हता. ती गोष्ट मी रचली होती.

शांतवन उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. आजूबाजूला जीन्स शिवणारे कारखाने, आणि मधोमध याचं दुकान, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की एखादी मशीन बाहेर काढावी लागे. सिंधी कारखानदार दारातूनच ओरडत, "साईं, मशीन फिर से रूठ गयी." हा म्हणायचा, "मालिक चिल्लाता होगा, इसलिए." मी अंबरनाथला शाळेत शिकवत होतो, निवृत्तीनंतर बदलापूरला राहायला गेलो. तो माझा विद्यार्थी कधीच नव्हता, पण मला 'सर' म्हणायचा. त्याची एक खास सवय होती. दुरुस्त केलेली मशीन परत देण्याआधी तो तिच्यावर जीन्सच्या कापडाच्या एका लांब पट्टीवर शिलाईची एक ओळ मारून बघायचा. एका मशीनची एकच ओळ. पट्टी भरली की तिला दुसरी जोडायचा. त्या ओळी बघून कुठली कुणाची मशीन हे तो सांगू शकायचा. मला मात्र सगळ्या सारख्याच दिसत.

टांझानियातल्या एका गावातल्या चर्चने बायकांसाठी शिवणवर्ग काढला होता. चौदा पायमशिनी, बहुतेक बंद. आमच्या मंडळीतून पाच जण तीन आठवड्यांसाठी गेलो. इंग्रजी येतं म्हणून मी प्रमुख. शांतवनला मराठी, हिंदी आणि मोडकीतोडकी सिंधी एवढंच येत होतं. पण पहिल्याच सकाळी तिथेही चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात हे कळल्यावर त्याने जाहीर केलं की भाषेचा प्रश्न मिटला. बायका त्याला 'फुंडी' म्हणत, म्हणजे कारागीर. मी खडूने फळ्यावर शिकवायचो तेव्हा त्या माना डोलवत. शांतवन जमिनीवर बसून स्क्रू काढायला लागला की सगळ्या माझा वर्ग सोडून त्याच्याभोवती. एकदा मी जरा चिडून म्हणालो, अरे, मलाही काही शिकवू दे. तर म्हणाला, "सर, तुम्ही प्रार्थना सांभाळा, मी ऑइल सांभाळतो."

जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चौदाही मशिनी चालू झाल्या. चौदावी सगळ्यात जुनी. तिला इतक्यात कुणी हात लावू नका, असं त्याने बजावून ठेवलं होतं. निरोपाच्या दिवशी सकाळी मला मशीनवर बसलेला माझा एक फोटो हवा होता, चर्चच्या अंकात छापायला. मी नेमका तिच्यावरच बसलो, कारण ती खिडकीजवळ होती आणि उजेड चांगला होता. पायडल उलटं फिरलं. खाडकन आवाज झाला, सुई मोडली आणि खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलचं टोक तुटलं. शांतवन धावत आला. त्याने शटल उजेडात धरून बघितलं आणि माझ्याकडेही बघितलं. "फोटो आला ना चांगला?" एवढंच विचारलं. सुटा भाग नव्हता. भंगारातल्या एका मशीनचं शटल काढून कानशीने घासत तो मागच्या खोलीत बसला. मी म्हणालो, राहू दे, निरोपाची सभा आहे. तो म्हणाला, "चौदा बोललोय ना आपण."

सभा तीन तास चालली. गाणी, नाच, भाषणं, परत गाणी. भिंतीपलीकडून कानशीचा आवाज मध्येच यायचा. शेवटी बायका उठल्या आणि सगळ्यांत वयस्क मारियाबाईंनी तिथल्या पाळकांकडे वळून काही तरी विचारलं. पाळकांनी मला इंग्रजीत सांगितलं, फुंडी कुठे आहे असं विचारतायत. आता खरं सांगायचं तर मशीन मोडली हे सांगावं लागणार, आणि कुणी मोडली हेही. सगळं गाव समोर, माझ्या गळ्यात हार. मी म्हणालो, थकलाय, झोपलाय. पाळकांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि सगळी सभा खदखदून हसली. मारियाबाईंनी माझ्या हातात एक गुंडाळी दिली. ती शांतवनने इथून सोबत नेलेली जीन्सची कोरी पट्टी होती. तेरा बायकांनी आपापल्या मशीनवर, आपापल्या रंगाच्या दोऱ्याने तिच्यावर एकेक ओळ शिवली होती. त्याला द्या, म्हणाल्या.

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा शांतवन बाहेर आला, कोपरापर्यंत काळे हात घेऊन, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा. मशीन चालू झाली होती. बायकांनी त्याला बघताच हसत दोन्ही तळवे गालाखाली धरले आणि डोळे मिटले. त्याला काही कळलं नाही. पण निरोप घ्यायची यांची हीच पद्धत असावी असं समजून त्यानेही तळवे गालाखाली धरले, मान कलती केली आणि जीप वळेपर्यंत तसाच उभ्याने डोळे मिटून हसत राहिला. वाटेत त्याने विचारलं, "सर, त्या असं का करत होत्या?" मी सांगितलं, प्रवासात नीट झोपा म्हणत होत्या.

त्याच दिवशी माझ्या सुटकेसची चेन तुटली आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी ती पट्टीने बांधली. पट्टी त्याला द्यायची तर ती देताना काय बोलणं झालं हे सांगावं लागणार... म्हणून घरी आल्यावर सुटकेस तशीच माळ्यावर गेली. अंबरनाथला स्वागताच्या सभेत कुणी तरी निरोपाबद्दल विचारलं आणि मी तेच सांगून टाकलं. एवढा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. शांतवन तिसऱ्या बाकावर होता. क्षणभर त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग तोही हसला. पुढे दर नाताळात कुणी ना कुणी त्याला उशी भेट द्यायचं. तो ती डोक्याखाली घेऊन घोरून दाखवायचा.

यंदा त्याच्या हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली. तो जाण्याच्या दहा दिवस आधी मी पट्टी घेऊन कॅम्प पाचला, दुकानामागच्या त्याच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने ती अंथरुणावर उलगडली आणि चष्मा न लावता बोटाने ओळी वाचायला लागला. ही मारियाबाईची, हिचा खालचा दोरा ढिलाच राहिला. ही खिडकीच्या डावीकडची... तेरा ओळी झाल्यावर त्याने पट्टी मांडीवर ठेवली.

"मी झोपलो नव्हतो हे मला माहीत होतं, सर. तुम्ही बोललात म्हणजे तुमची काही अडचण असेल. पण बायकांना माझी आठवणच झाली नाही, असं मला वाटायचं."

 मी म्हणालो, मंडळीसमोर उभा राहून सांगीन. तो म्हणाला, सांगा, पण आधी चौदावी ओळ मारा.

"मी?"

"मोडली कोणी होती?"

वहिनींनी दुकानातून पलंगाजवळ आणलेल्या मशीनवर मी ती ओळ शिवली. तो पलंगावरून सूचना देत होता, वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. ओळ साप गेल्यासारखी आली. त्याने ती बघितली आणि म्हणाला, "पायडल सरळ फिरलं, हेच खूप."

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो नाही. पाय दुखतात असं सांगून बदलापूरला घरीच बसलो. त्यानंतर चार दिवसांनी तो गेला.

आता दुकान वहिनी चालवतात, काम त्यांना लग्नापासून बघून बघून येतंच. दुरुस्त मशीन त्या त्याच पट्टीवर चालवून बघतात. परवा मी गेलो होतो तेव्हा एका कारखानदाराने वाकड्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ये किसने किया? वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हमारे सर ने," त्या म्हणाल्या. "नींद में थे."